आक्काच्या खोलीची जमीन

१२ ऑक्टोबर, रविवार

आक्का म्हणते, तुमची जमीन चावते.

सकाळी चहा घेऊन गेलो तर उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही पाय लाकडी पाटावर. आईला आम्ही सगळे आक्काच म्हणतो. अजून घरात पंखे चालू आहेत, थंडीचा पत्ता नाही आणि हिला लादी गार लागते! बायकोनं, निशानं हौसेनं बसवलेली चकचकीत लादी — आक्का तिच्यावरून मांजरासारखे पाय उचलत चालते. पलंग नको. "पडंन मी." जाड गादी नको. "चिखलात रुतल्यावानी वाटतं." चटई आणि वर गोधडी, बस. बहात्तर वर्षं जमिनीला पाठ लावून झोपलेली बाई.

गेल्या हिवाळ्यात गुडघे इतके धरले की माझी धाकटी बहीण तुळजा तिला अकलोलीला आपल्या सासरी घेऊन गेली. तिथे देवीची गरम पाण्याची कुंडं. कुंडाकडेचा दगड पहाटेसुद्धा कोमट. तीन महिने राहिली आणि काठी न टेकता परत आली. आता म्हणते, "मार्गशीर्ष लागला का जाते. या वक्ताला कायमचीच." हसत म्हणाली. पण आक्का हसत म्हणते तेच करते.

तिच्यासाठीच तर मागच्या परसात खोली काढतोय. भिंती झाल्या, स्लॅब झाला. राहिली ती जमीनच.

१४ ऑक्टोबर

गोदामात हिमाचलातल्या कुठल्याशा हॉटेलचा माल उतरला. एका खोक्याचा कोपरा फाटलेला, म्हणून उघडून तपासावा लागला. आत गुंडाळलेली जाळी, जाळीत वायर. खोक्यावर चित्र — खिडकीबाहेर बर्फ, आत एक बाई अनवाणी उभी, हसते आहे. ही जाळी लादीखाली घालायची, बटण दाबलं की जमीन तापते. वडप्याच्या गोदामात बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं लोकांचा माल उतरवला. आपल्या घरासाठी असलेली वस्तू पहिल्यांदा ओळखली.

चित्राकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. फोर्कलिफ्टवाला हॉर्न देऊन म्हणाला, "दादा, बाई पसंद आ गई क्या?"

मी तिचे पाय बघत होतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

हिरामणला सांगितलं. हिरामण गवंडी, माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला. थापी हातात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"पंढरी, भिवंडीत जमीन तापवायची?"

"हो."

"तापलेलीच हाय की. एप्रिलात गच्चीवर झोपव म्हातारीला. जास्त तापली तं भाकऱ्याबी भाजंल."

त्याचे दोन्ही मजूर हसले. मीही हसलो. पण पौषात पहाटे आमच्या गावाला येऊन बघावं कुणीतरी. पडघ्याच्या बाजूनं वारा सुटतो तेव्हा देवापुढे बसताना मी स्वतः दोन आसनं घालतो. देवाला सांगत नाही, एवढंच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

तुळजा आली. ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवायच्या आतच सुरू झाली. "दादा, ऐकलं ते खरं? तू देवीच्या कुंडाशी शर्यत लावतोस?"

म्हटलं, शर्यत नाही. देवीची नक्कल करतोय.

"मंग हरशील."

आक्का पाटावर पाय ठेवून दोघांचं ऐकत होती. मजा वाटत होती तिला. दोन पोरं आपल्यासाठी भांडतात, कुठल्या आईला आवडणार नाही. शेवटी म्हणाली, "जिथली जमीन उबदार, तिथं आक्का." म्हणजे निकाल जमिनीवर सोडला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज कामतघरला रामूकडे. रामू सायझिंगमध्ये बॉयलर सांभाळतो. सायझिंग म्हणजे जिथे सुताला खळ लावून तापलेल्या डब्यांवरून वाळवतात ते. तीस वर्षं वाफेत काढलेला माणूस, नळीतून ऊब कशी फिरते ते त्याला विचारायचं. आत इतकी गर्मी की बोलता बोलता माझा सदरा पाठीला चिकटला.

रामू म्हणाला, दोन रस्ते आहेत, दादा. एक करंटचा — तुमची ती जाळी. घातली आणि विसरलात. दुसरा पाण्याचा — गच्चीवर सौर बंब, तिथून खाली प्लॅस्टिकची नळी, खोलीभर नागासारखी वळवून कोब्यात पुरायची. छोटा पंप पाणी फिरवत राहतो. दिवसभराचं ऊन रात्रभर जमिनीत.

"तू काय घातलं असतंस?"

"मी? मी बॉयलरवाला. पाणीच." मग बॉयलरचा काटा बघून — "करंट मालकाचा नोकर आहे, दादा. मालकानं बटण बंद केलं की गेला. पाणी जाता जाता पण काम करून जातं."

घरी येऊन सांगितलं. कुणाल जाळीच्या बाजूनं. पोरगा माझा तेवीस वर्षांचा, त्याला सगळं मोबाईलवरून चालू-बंद व्हायला हवं. निशाचं म्हणणं, पाण्याची नळी फुटली तर जमीन कोण खणणार? तेही खरंच.

४ नोव्हेंबर

विचार करतोय. देवापुढेही जमिनीचाच विचार आला. आज मन आवरलं नाही, तसंच बसून राहिलो.

५ नोव्हेंबर

ठरलं. जाळी. लवकर होईल आणि मार्गशीर्षाला सोळाच दिवस आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

आक्काला पायरी नको, म्हणून खोलीची जमीन घराच्या पातळीत हवी. त्यासाठी आतली माती हातभर काढायची होती. कोपऱ्यात जुन्या न्हाणीचा काळा दगड — आम्ही लहान असताना त्याच्यावर अंघोळी व्हायच्या. हिरामणनं पहार घालून दगड कलता केला आणि थांबला. "पंढरी, इकडं ये."

दगडाखाली मडकं. वाटीएवढं, वर पणती उपडी घालून झाकलेलं. एक बाजू काळी पडलेली, एक तडा. त्याच्या शेजारी हात अंतरावर दुसरं, जरा नवं.

कुणाल धावत आला. "बाबा, गुप्तधन?"

निशाला आधी कळलं. तिनं पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, वार आहे ती. बाळाबरोबर येते ना, ती मडक्यात घालून न्हाणीखाली पुरतात. एक तुझ्या बाबांची, एक तुळजाआत्याची.

कुणाल कधी मडक्याकडे, कधी माझ्याकडे. "बाबा, तुम्ही एवढ्यात मावत होता?"

"पयलं घर त्याचं," हिरामण म्हणाला. "वन आरके."

सगळे हसले आणि हसता हसता मला भरून आलं. माणूस देव कुठे कुठे शोधतो. आणि आपण आलो त्याची खूण इथे, रोज भांडी घासली जायची त्या जागेखाली. काळ्या मडक्याला हात लावून नमस्कार केला. वय पन्नासच्या जवळ, पण त्या क्षणी फार लहान वाटलं. चांगलं वाटलं.

मग आक्का आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चपला न घालता आली. काळं मडकं दोन्ही हातांनी उचललं, मांडीवर घेऊन खाली मातीतच बसली. माती चावत नाही म्हणाली नाही, चावते म्हणाली नाही. 

मी विचारलं, "आक्का, हे माझं ना?"

"झाका आता," एवढंच म्हणाली.

दोन्ही मडकी होती तिथेच, आणखी खाली ठेवली. हळदकुंकू वाहिलं. वरून माती.

१० नोव्हेंबर

आक्का म्हणते, जाळी नको.

का, तर "आग नको तिथं."

सांगितलं, आग नसते, करंट असतो. म्हणाली, "करंट म्हंजे आगच. वायरीत कोंडलेली." कुणालनं तिला मोबाईलवर चित्रं दाखवली. चित्र बघून म्हणाली, बाई गोरी हाय, आणि मोबाईल परत दिला.

१२ नोव्हेंबर

तिनं पिशवी भरली. मार्गशीर्षाला अजून नऊ दिवस आहेत. विचारलं, रागावलीस का? "न्हाय रं. गुडघं." पण माझ्याकडे बघून बोलली नाही.

निशा मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या गेल्या की यायच्या नाहीत. तुम्ही समजून घ्या." समजतंय. काय करायचं ते समजत नाही.

१३ नोव्हेंबर

आक्काला अकलोलीला सोडलं. परत येताना गाडीत मागे बघायची सवय — आरशात रिकामी सीट.

१६ नोव्हेंबर, रविवार

रजेची गरजच नव्हती, रविवारच होता. सकाळीच अकलोली गाठली. आक्का कुंडावर. पायऱ्यांवर बसली होती, पाय पाण्यात. तुळजा म्हणाली, "आलास? ये, हरलेल्यांना पण पाय बुडवायला देतात इथं."

मी आक्काशेजारी बसलो. पाणी इतकं गरम की पाय हळूहळूच घालावे लागतात. तुळजा चहा आणायला गेली. आम्ही दोघंच.

म्हटलं, "आक्का, खरं सांग. जमीन तुला नको की मी केलेली नको?"

ती पाण्यातल्या पायांकडे बघत म्हणाली, "तिथं पोरं हायत माझी. त्यांच्या डोईवर आग ठेवू?"

"आमच्या वारी? पण आता तर मातीच आहे तिथे."

"तुला माती. मना पोरं."

 आम्ही शाळेत शिकलो ते वेगळं आणि हे वेगळं. पण खोटं म्हणायची हिंमत झाली नाही. मी तरी फोटोतल्या देवाला रोज जेवू घालतोच की.

मग तीच आपण होऊन बोलायला लागली. बाळंतिणीला त्या दगडावर न्हाऊ घालायचे. बाळालाही. बायजाबाई सुईण हंडाभर पाणी तापवायची आणि ते सगळं गरम पाणी दगडाखाली वारेवरच जिरायचं. ते जायलाच हवं तिथे. वार गार पडू द्यायची नाही, म्हणजे पोर गार पडत नाही. "दोन-दोन हंडे, सकाळ-संध्याकाळ. तुझा बाप लाकडं फोडून दमला."

मी उठूनच उभा राहिलो.

"म्हणजे पाणी चालतं? गरम पाणी?"

"पानी का न चालंल? पानीच तं घालायचं आसतं."

महिनाभर जाळी, करंट, मोबाईल. आणि रामूनं बॉयलरशेजारी उभं राहून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आक्काला एकदा विचारलं असतं तर? आम्ही सगळ्यांना विचारलं, जिची जमीन तिला सोडून.

तुळजा चहा घेऊन आली तर मी हसतोय. "ह्याला चढलं वाटतं पानी," म्हणाली.

१८ नोव्हेंबर

रामूला फोन. म्हणाला, "येतो. मला माहीत होतं." त्याला काय माहीत होतं, देव जाणे.

२५ नोव्हेंबर

नळी बसली. आधी खाली जाड थर्मोकोलचे पत्रे, म्हणजे ऊब खाली न जाता वर येते. मी म्हटलं, कोपऱ्यात दोन हात जागा पत्र्याशिवाय सोड. रामू म्हणाला, तिथली ऊब जमिनीत जाईल, वाया.

"जाऊ दे. वाया नाही."

त्यानं पुढे विचारलं नाही. कोपऱ्यात नळीचे दोन वळसे जास्त घातले. चांगला माणूस.

२८ नोव्हेंबर

कोबा झाला. आता तीन आठवडे पाणी मारायचं. तोपर्यंत जमीन तापवायची नाही, नाहीतर तडे जातात. रामूनं मला शपथ घातली, "बटणाला हात लावायचा नाही, दादा. पिकू दे."

४ डिसेंबर, दत्तजयंती

सकाळी पारायण संपवलं आणि उठून कोब्यावर पाणी मारलं. दोन्ही एकाच मनानं झालं.

१९ डिसेंबर

वरून लादी कुठली, यावर घरात दोन दिवस चर्चा. निशाला चकचकीत हवी होती. मग तीच म्हणाली, "नको, त्या घसरतील. खरबरीत घ्या, त्यांच्या पायाला ओळखीची." खरबरीत काळसर कोटा बसवला. निशाचं मन मोठं आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगत नाही. इथे लिहून ठेवतो.

२१ डिसेंबर, रविवार

पहिली चाचणी! रामूनं सकाळी पंप चालू केला. तासभर काहीच नाही. सगळे अनवाणी उभे, देवळात उभं राहावं तसे. कुणाल दर दोन मिनिटांनी वाकून हात लावतोय. मग निशा म्हणाली, "आली." खरंच आली. गरम नाही — कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या जागेसारखी.

हिरामण म्हणाला, लेव्हल बघतो, आणि झोपूनच बघायला लागला. पाच मिनिटांत घोरायला लागला. जेवायला उठवलं तर उठेना. चार वाजता उठला, डोळे चोळत म्हणाला, "पंढरी, एप्रिलाची गोष्ट वेगली. ही वेगली."

निशानं कोपऱ्यात तांदळाचे पापड वाळत घातले आहेत. रामू म्हणाला, त्यासाठी नव्हती ही. निशा म्हणाली, माहीत आहे.

२८ डिसेंबर, रविवार

आक्का आली. तुळजाही आली, परीक्षकासारखी. सगळे दारात गर्दी करून उभे.

आक्कानं आत पाय टाकला नाही. उंबऱ्याशी बसली, वाकली आणि जमिनीला कोपर लावलं. तळहात नाही, पाय नाही — कोपर. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. थोडी पुढे सरकली, पुन्हा कोपर. तशीच बसत बसत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे कोपर बराच वेळ ठेवलं.

"बरोबर हाय," म्हणाली. "आंगाला सोसंल आसं."

तुळजानं हात जोडले. "हरले मी. दादा, मना पण एक खोली काढ." मग आक्काची पिशवी आतल्या खुंटीला तिनंच अडकवली.

१ जानेवारी

आज थंडी. गावात शेकोट्या. पहाटे दार लोटून बघितलं — आक्का चटई बाजूला सारून उघड्या जमिनीवर झोपली होती, गाल लादीला टेकलेला.

दार पुन्हा लावलं.

५ जानेवारी

एक सवय लागली. पूजा झाली की दोन फुलं उरवतो आणि आक्काच्या कोपऱ्यात ठेवतो. एक जास्वंद तुळजाच्या जागी, एक माझ्या. स्वतःला फूल वाहणं बरं दिसत नाही, कळतं. पण ते स्वतःला नाही, जिथून आलो त्या जागेला आहे, असं मनाला सांगतो. आक्का बघते. 

११ जानेवारी, रविवार

आज वाढदिवस, पन्नासावं लागलं. फूल ठेवायला वाकलो तशी आक्का म्हणाली, "तिथं फूल ठेवतोस, मना बरं वाटतं. पन्नास वर्सांत त्याला कुनी ठेवलं न्हवतं. पन ते तुझं न्हाय रं."

"मग कुणाचं?"

"पयल्याचं. पाचवी पुजायच्या आदल्या दिशी गेला. मना दूध सुटलेलं. बायजाबाई पहाटंला तुला घेऊन आली, तुझी आई बाळंतपनात गेलेली. कुठली, कुनाची, तिनं सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. गावाला एकच पोर ठाऊक. तुळजाला पन न्हाय."

मी तिथेच बसलो. जमीन कोमट होती. मग माझं इथे काय आहे, असं काहीतरी विचारलं असावं.

"पानी," ती म्हणाली. "दोन वर्सं त्या दगडावर न्हाऊ घातलं तुला. ते कुठं गेलं आसंल?"

म्हणजे आजचा वाढदिवसही त्याचाच. फूल उचललं नाही, होतं तिथेच नीट केलं. घरात, गावात, गोदामात सगळे मला दादा म्हणत आले. आज मी पहिल्यांदा कुणाला तरी दादा म्हणालो.